आंगठ्याची माती

"रात्री बारा चाळीसला कोणीतरी चार्जरची गन काढलीय, काकी. हे बघा, इथं लिहून आलंय," म्हणत साईशने मोबाईल लक्ष्मीच्या तोंडासमोर धरला.

लक्ष्मीने मोबाईलकडे पाहिलं नाही. ती गौरेशच्या गाडीकडे पाहत होती. क्रेनवर घालून आणलेली ती पांढरी गाडी घरापुढच्या खळ्याच्या टोकाला उभी होती आणि बाजूच्या दगडावर गौरेश डोकं धरून बसला होता. पहाटे मोरजीच्या हॉटेलातलं एक कुटुंब घेऊन तो मोप्याच्या विमानतळाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत चढावर गाडी बसली. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी, आणि आत नऊ टक्के. निघताना घाईत त्याने आकडा पाहिला नव्हता. त्या लोकांचं विमान चुकलं. हॉटेलवाल्याने सांगून टाकलं की उद्यापासून येऊ नकोस. गणपतीची चवथ दहा दिवसांवर आली होती.

श्रावणात असं तिसऱ्यांदा झालं होतं, आणि तिन्ही वेळा गौरेशच्याच गाडीचं.

सर्वण गावात लक्ष्मीचं खळं मोठं. एके काळी तिथे तिच्या नवऱ्याचा, शांतारामचा, खाणीचा ट्रक उभा असायचा. आता तिथे कंपनीने चार्जरचे, दोन-दोन नळ्यांचे दोन खांब उभे केले होते. गावातल्या चौघा पोरांनी विजेच्या टॅक्सी घेतल्या होत्या. दिवसभर ती मोपा-मोरजी करत आणि रात्री गाड्या इथे लावून घरी झोपायला जात. खांबाची नळी, जिला सगळे गन म्हणत, गाडीच्या भोकात बसवायची आणि सकाळपर्यंत सोडून द्यायची. राखण लक्ष्मीची. जागेचं भाडं कंपनी देत होती, त्यावर तिचं चालत होतं. पण भाड्यापेक्षा तिला दुसरी गोष्ट मोठी वाटायची. चार घरची मिळकत रात्रभर तिच्या दारात झोपते, आणि त्या घरातली माणसं निवांत झोपतात.

साईश कंपनीचा माणूस, पणजीहून सकाळीच आला होता. वयाने लहान, पण बोलणं मुद्देसूद. त्याने सांगितलं की हे बिघाडाचं काम नाही, कोणीतरी मुद्दाम करतंय. कॅमेरा गेल्या महिन्याच्या गडगडाटात जळला होता, ते हेरून करतंय. असंच चालू राहिलं तर कंपनी खांब उपटून दुसरीकडे नेईल. कोणावर संशय आहे का, असं त्याने विचारलं.

कोणी नाव घेतलं नाही, पण गौरेशची मान कुंपणाकडे वळली. कुंपणापलीकडे विठू राहत होता.

विठू चौदा वर्षं शांतारामच्या ट्रकवर क्लिनर होता. खाणी बंद पडल्या, ट्रक खळ्यात गंजत राहिला, शांताराम गेला आणि शेवटी ट्रक भंगारात गेला. ज्या दिवशी तो ओढून नेला त्या दिवशी लक्ष्मीने विठूला हाक मारली नव्हती. कशी मारणार? काय म्हणून सांगणार? तो कुंपणाला हात लावून पाहत राहिला होता. त्यानंतर त्याचं येणं-जाणं तुटलं. काजूच्या बागेत मजुरी करायची, संध्याकाळी थोडी घ्यायची आणि कुंपणावरून टॅक्सीवाल्या पोरांना टोमणे मारायचे. ह्यो गाड्यो न्हय, फ्रिज आसत, आवाज ना, वास ना, असं तो म्हणायचा. पोरंही गप्प बसत नसत. गणपतीच्या वर्गणीवरून एकदा वाजलं तेव्हा तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "एक दिस तुमच्यो वायरी कापून उडयतलंय." ते वाक्य आता गावात सगळ्यांच्या तोंडी होतं.

पाऊस जरा उघडला होता. साईशने बॅगेतून कागद काढला आणि बॉनेटवर ठेवून तक्रार लिहायला घेतली. पोलिसांत द्यायची म्हणाला. विठूला बोलावून आणायला गौरेश स्वतः गेला.

लक्ष्मी तुळशीपाशी उभी होती. विठूने गनला हात लावलेला नाही हे तिला माहीत होतं. अंदाजाने नव्हे, नक्की माहीत होतं. पण ते तिला कसं माहीत, हे तिने आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकमधलं डिझेल रात्री चोरीला जायचं. टाकीला कुलूप लावलं तर चोर कुलूपही नेत. शांतारामने एक युक्ती काढली होती. मळ्यातली तांबडी चिकण माती मळायची, टाकीच्या झाकणाच्या कडेने तिची वात फिरवायची आणि त्यावर आंगठा दाबायचा. आंगठा लक्ष्मीचा. तिच्या उजव्या आंगठ्यावर लहानपणी कोयता लागल्याचा आडवा वण होता, तो दुसऱ्या कोणाच्या हाताला नव्हता. झाकण फिरवलं की माती तडकणार. नवी माती लावली तरी तो वण कुठून आणणार? ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं शांतारामने बजावलं होतं. सांगितली की संपली.

खांब आले तेव्हा पोरं म्हणाली होती, काकी, नजर ठेव हां, कुठेकुठे वायरी कापून नेतात, कोणी कोणाची गन काढून आपल्या गाडीला लावतो. तिला झोप येई. सत्तरीला आलेल्या बाईने रात्रभर डोळे उघडे ठेवायचे कसे? मग तिने जुनीच रीत धरली. पोरं गाड्या लावून गेली की ती चारी गाड्यांच्या गनभोवती मातीची वात फिरवी आणि आंगठा दाबी. पहाटे पोरं यायच्या आधी कंदील घेऊन चारी ठसे बघी, ओल्या फडक्याने माती पुसून टाकी आणि मग निवांत चुलीपाशी बसे. उन्हाळाभर एकही ठसा मोडला नव्हता. आज पहाटेही मोडलेला नव्हता.

म्हणजे तो मोबाईल खोटं सांगत होता. तिच्याकडे पुरावा होता. आता शांतारामची गोष्ट उघडी करायची वेळ आली, असं तिने ठरवलं, आणि पदर सावरून पुढे निघाली.

तेवढ्यात तेजस्विनी म्हणाली, "थांबा जरा."

तेजस्विनी कंपनीची मेकॅनिक. डिचोलीची पोरगी, स्कूटरवरून भिजत आली होती आणि आल्यापासून कोणाशी न बोलता गाडीपाशी वाकली होती. तिचं म्हणणं असं की गाडीला कुलूप असलं तर गन निघतच नाही. आत अडकून बसते. गौरेश म्हणतो कुलूप होतं. मग काढली कशी?

"काढणारा काढतो," साईश म्हणाला.

तेजस्विनी परत गाडीपाशी वाकली. गाडीचं चार्जिंगचं भोक पुढे, नाकावर होतं. बाकीच्या तिन्ही गाड्यांचं बाजूला, कुशीत. तिने वीज बंद केली, काडीला पांढरा कापूस गुंडाळला, भोकात घालून हळूच फिरवला आणि बाहेर काढला. कापूस तांबडा झाला होता.

"माती," ती म्हणाली. "आत माती गेलीय. ओली आहे अजून."

तिने सगळ्यांना समजेल असं सांगितलं. या भोकात दोन बारीक पिना असतात, त्यांच्यातून गाडी आणि खांब एकमेकांशी बोलतात. तिथे ओल गेली की बोलणं तुटतं. बोलणं तुटलं की खांबाला वाटतं गन काढली, आणि तो चार्जिंग बंद करतो. मोबाईलवर तेच लिहून येतं. गन कोणी काढली नव्हती. पण माती आपणहून इतकी आत जात नाही.

"म्हणजे कोणीतरी घातली," साईश म्हणाला आणि परत लिहू लागला.

लक्ष्मी होती तिथेच थांबली. श्रावण लागल्यापासून हवेत ओल, माती धरेना, घसरायची. म्हणून ती माती पाण्याऐवजी पेजेत मळू लागली होती. मीठ घातलेल्या पेजेत, जेवून उरलेल्या. बाकीच्या गाड्यांना ती कुशीत लागे. गौरेशच्या गाडीला नाकावर, वरच्या अंगाने, आणि ती गाडी खळ्याच्या टोकाला, जिथे छपराच्या पावळीची झड येते. वरून पहाटे ओलं फडकं. तिने स्वतःच्या हाताने ती माती रोज थोडी थोडी आत ढकलली होती. तीन वेळा पोराची गाडी वाटेत बसली, तीन वेळा तिने त्याला चहा करून दिला आणि करणाऱ्याला शिव्या दिल्या.

आता सांगितलं तर खांब जाणार, हे तिला दिसत होतं. जिने राखायचं तिनेच बिघडवलं. कोणती कंपनी ठेवील? आणि नाही सांगितलं, तर तो कागद बॉनेटवर पडलाच होता.

गौरेश विठूला घेऊन आला. विठूने दाढी केली नव्हती, पण शर्ट धुतलेला घालून आला होता. वाटेत गौरेशने त्याला काय काय ऐकवलं असेल ते दोघांच्या तोंडावर दिसत होतं. साईशने त्याला सरळ विचारलं, त्या दिवशी वायरी कापायची धमकी तुम्ही दिली होती का? विठू म्हणाला, दिली होती. पिऊन म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. मग साईशने तो तांबडा कापूस त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, हे ओळखता?

विठूने कापूस घेतला. त्यावरची माती दोन बोटांत चुरली. नाकाशी नेली. पेजेचा आंबूस वास त्याला आला असणार. त्याने मान वर केली आणि क्षणभर लक्ष्मीकडे पाहिलं. मग कापूस परत दिला.

"होय," तो म्हणाला. "मियांच घातलंय. लिव तुजा काय ता."

गौरेश उठून त्याच्या अंगावर धावला. तेजस्विनी मध्ये आली. साईशने कागदावर विठूचं नाव लिहिलं, बापाचं नाव विचारलं, वय विचारलं. विठू विचारेल ते सांगत होता. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखा सरळ उभा राहून सांगत होता.

लक्ष्मीला पुढे कसं आलो ते नंतर आठवलं नाही. तिने बॉनेटवरच्या कागदावर हात ठेवला.

"त्येका सोडा," ती म्हणाली. "ती माती माजी."

साईशला वाटलं म्हातारी शेजाऱ्याला वाचवतेय. तो हसून म्हणाला की काकी, तुम्ही आत जाऊन बसा. तेव्हा ती चुलीमागे गेली आणि केळीच्या पानात गुंडाळलेला उरलेला गोळा घेऊन आली. गौरेशच्या गाडीच्या काचेवर तिने मातीची वात ओढली आणि तीवर आंगठा दाबला. आंगठा उचलला. आडवा वण उमटला होता. मग तिने सगळं सांगितलं, डिझेलपासून पेजेपर्यंत. सांगताना खाली पाहिलं नाही.

"रे गौरेशा, तुजी गाडी तीनूय वेळा मियां बसयलंय," ती शेवटी म्हणाली. "माका कळला नाय. पण केला ता मियां. ह्येचा नाव काढा थंयसून आणि माजा घाला."

पावसाची सर परत आली तसा साईशने कागद उचलून बॅगेत घातला.

गौरेश गाडीकडे गेला, काचेवरचा ठसा पाहत उभा राहिला. लक्ष्मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होती. त्या तिला चालल्या असत्या. तो म्हणाला, "दर खेपेक मियां तुका विचारलंय, रात्री कोण इल्लो काय? तू म्हणालंस कोण येवक नाय. इतका पक्का कसा सांगता ही बाय, म्हणान माका एकदा तुजोच संशय इल्लो." आणि मग तोंड वाकडं करून त्याला हसू आलं. पूर्ण हसू नव्हतं ते, पण लक्ष्मीला पुरलं.

मग तो वळला आणि विठूला म्हणाला, "आणि तुया कित्या होय म्हणालंस रे?"

विठूने उत्तर दिलं ते त्याला नाही, लक्ष्मीला दिलं. "वयनी, त्या साली जेटीर सगळ्यांचा डिझेल गेला. सगळ्या ट्रकांचे क्लिनर धरून मारले. माका धरूक इले तेव्हा शांतारामान त्यांका झाकण दाखयला. तुजो आंगठो तसोच होतो. त्या दिसा तुज्या आंगठ्यान माका चोर होवक दिलो नाय." त्याने लक्ष्मीच्या आंगठ्याकडे पाहिलं. "आज ती माती मियां वळखलंय. माजी पाळी होती, आणि काय?"

लक्ष्मीला ती रात्र आठवतही नव्हती. तिच्या लेखी ती रोजच्यासारखी लावलेली माती होती. हा माणूस ती इतकी वर्षं उराशी धरून कुंपणापलीकडे राहिला, आणि भंगाराच्या दिवशी तिने त्याला हाक मारली नव्हती. तिने त्याच्यासमोर हात जोडले. शेजाऱ्याला जोडतात तसे नाही, देवळात जोडतात तसे. विठू भलताच लाजला आणि बाजूला झाला.

पुढचं काम तेजस्विनीने केलं. तिने भोक पुसून, वाळवून, तपासून चार्जिंग लावलं, चालू झालं. गौरेशच्या हातून फोन घेऊन हॉटेलवाल्याला तिने स्वतः सांगितलं की मी कंपनीची मेकॅनिक बोलते, दोष चार्जिंगच्या सॉकेटमध्ये होता, ड्रायव्हरची चूक नाही, दुरुस्त केलंय. पलीकडून बराच वेळ कुरकुर ऐकू येत होती. शेवटी तिने फोन परत दिला आणि उद्या सकाळी मोरजीला जा म्हणाली. गौरेशने तिचे आभार मानले की नाही ते ऐकू आलं नाही, पण तिची स्कूटर पावसात भिजत होती ती त्याने उचलून पडवीत आणून लावली.

लक्ष्मीला तिने बाजूला घेऊन बजावलं. मातीच काय, पाण्याचा थेंबसुद्धा तिथे जाता कामा नये; वीज आहे, जीव जाईल. मग हळूच म्हणाली, "आमचे मीटरवालेपण असंच सील लावतात, काकी. फक्त त्यांचं सुकं असतं."

साईशने पडवीत उभं राहून दोन-तीन फोन केले. तो काय बोलतो ते कळत नव्हतं. लक्ष्मीने तेवढ्यात चहा ठेवला, उंडे पाव कापले. आल्यावर त्याने सांगितलं की खांब राहतील, कॅमेरा दुरुस्त करून देतील, पण राखणदार म्हणून काकीने गाड्यांना हात लावायचा नाही. काही दिसलं तर फोन करायचा. म्हणजे बघत बसायचं. लक्ष्मी बरं म्हणाली. आंगठा तिने पदराला पुसला. शांतारामच्या काळापासूनचं एक काम त्या दिवशी संपलं, आणि तिने त्याचं दुःख करायला फुरसतही मागितली नाही. चार घरची मिळकत तिच्या दारात राहणार होती.

साईश निघाला तेव्हा विठू अजून पडवीच्या पायरीवर होता. त्याने चहा घेतला होता. साईश बॅग भरू लागला तसा तो उठला.

"साहेबा," तो म्हणाला, "तो कागद?"

साईश म्हणाला, ते आता रद्द, मी फाडून टाकतो. विठूने मान हलवली. फाडून नको. त्याच्या नावावर त्याच्या डोळ्यांसमोर रेघ मारली जायला हवी होती. साईशने एकदा लक्ष्मीकडे पाहिलं, मग कागद पायरीवर पसरला आणि पेनने रेघ मारली. खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली.

विठूला वाचता येत नव्हतं. त्याने तो कागद लक्ष्मीपुढे धरला. पंचायतीच्या वर्गात ती साठी उलटल्यावर अक्षरं शिकली होती. छापलेलं बरं वाचे, हातचं लिहिलेलं अडखळे. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला घेतलं. तक्रार अर्ज. मग गावाचं नाव. मग विठूचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वय. त्यांच्यावरून आडवी रेघ गेली होती. तिने खालच्या दोन ओळी वाचल्या: चौकशीअंती वरील इसमाचा काहीही संबंध नसल्याचे आढळले.

"नाव खोडलां?" विठूने विचारलं.

"खोडलां."

"सगळा? बापायचा पण?"

"सगळा."

त्याने परत एकदा वाचायला सांगितलं. तिने परत वाचलं, या वेळी न अडखळता. साईश गाडीत बसायचा थांबून ऐकत होता.

विठूने कागद घेतला, चौघडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाला बटण नव्हतं. पाऊस चालूच होता. छातीवर हाताचा पंजा दाबून धरत तो पायरी उतरला आणि खळ्यातून, गाड्यांच्या मधून, सावकाश आपल्या घराकडे चालत गेला.